जुने स्मार्ट प्लग आणि बल्ब नव्या ड्युअल बँड राउटरला जोडले जात नाहीत. सगळे बदलावे लागतील का?

नाही, बदलावे लागणार नाहीत. फोंड्याच्या घरी फायबरसोबत नवा ड्युअल बँड राउटर आला आणि तेव्हापासून जुने चार प्लग, तीन बल्ब, एसीचा आयआर ब्लास्टर (रिमोटचं काम करणारी डबी) आणि पडवीतला कॅमेरा ऑफलाइन आहेत, फोन आणि टीव्ही मात्र झकास चालतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे उपकरणं बिघडलेली नाहीत. त्यांना घर सापडत नाहीये, एवढंच.

या जुन्या उपकरणांना राउटरची कंपनी कळत नाही, मॉडेलही कळत नाही. त्यांच्या मेमरीत दोनच गोष्टी असतात: वायफायचं नाव आणि पासवर्ड. म्हणून ॲप उघडून एकेक उपकरण नव्यानं जोडायच्या भानगडीत पडू नका. ड्युअल बँड राउटर दोन बँडांवर, म्हणजे रेडिओच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि अशा जुन्या उपकरणांना बहुधा फक्त २.४ ऐकू येतं. म्हणून आधी नव्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. अक्षर न् अक्षर तेच हवं, कॅपिटल-स्मॉलसकट. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक रिकामी जागासुद्धा उपकरणाच्या लेखी वेगळं नाव असते. जुना पासवर्ड आठवत नसेल तर तो फोनमध्ये बहुधा अजून असतो: अँड्रॉइड १० पासून पुढे सेव्ह केलेल्या नेटवर्कवर 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड निघतो आणि बऱ्याच फोनांत त्याखाली पासवर्डही दिसतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून तो वायफायच्या सेटिंगमध्येच बघता येतो.

हे करताना एक सेटिंग आडवं येतं. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली दाखवतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. टीपी-लिंक, आसूस, नेटगियर यांत याला 'स्मार्ट कनेक्ट' म्हणतात. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या डब्यांत बहुतेक 'बँड स्टिअरिंग' असं लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा (नेमका पत्ता राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो), वायरलेसच्या पानावर जा आणि ते बंद करा. आता २.४ आणि ५ साठी दोन वेगळे रकाने दिसतील. २.४ ला जुनं नाव, ५ ला नवं.

दोन्ही बँड वेगळे केले म्हणून फोन कायम २.४ वर ठेवावा लागतो, हा एक गैरसमज आहे. फोन ५ वर आणि प्लग २.४ वर असले तरी दोघं एकाच राउटरच्या एकाच नेटवर्कवर असतात, त्यामुळे ॲपला प्लग दिसतो. उलट काम झालं की फोनमधून २.४ चं नाव 'फरगेट' करून टाका, नाहीतर फोन मधूनच तिकडे उडी मारेल आणि घरात नेट स्लो झाल्याची बोंब होईल.

नाव-पासवर्ड तेच देऊनही उपकरण येत नसेल तर २.४ च्या पानावरच्या या चार गोष्टी बघा. माझा क्रम असाच असतो, कारण दोष बहुधा पहिल्या दोघांतच निघतो.

पहिली सिक्युरिटी. डब्ल्यूपीए-३ हे वायफायच्या कुलपाचं नवं मानक २०१८ साली आलं आणि जुलै २०२० पासून वायफायच्या प्रमाणपत्रासाठी सक्तीचं झालं. त्यामुळे नवा राउटर कधी डब्ल्यूपीए-३ वर, कधी 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३ मिश्र' वर येतो. मिश्र म्हणजे जुन्यांचीही सोय, असं वाटतं, पण काही जुनी उपकरणं राउटरनं दोन्हींची नावं घेतलेली बघूनच गोंधळतात. २.४ वर सरळ 'डब्ल्यूपीए-२ पर्सनल, एईएस' ठेवा. त्याखाली 'पीएमएफ' किंवा 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' असा पर्याय असेल तर तो 'रिक्वायर्ड' वर नको, 'डिसेबल' करा. टीकेआयपी या आणखी जुन्या कुलपाच्या वाटेला जाऊ नका: सुरक्षा तर ढिली होतेच, वर टीकेआयपीवर जोडलेल्या उपकरणाचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

दुसरी मोड, म्हणजे वायफायची कोणती पिढी चालू आहे ते. राउटरच्या खोक्यावर एसी १२०० लिहिलं असेल तर हा मुद्दा सोडून द्या. एसी ही पिढी फक्त ५ गिगाहर्ट्झची आहे, तिचं २.४ अजून जुन्या 'एन' वरच चालतं (३०० अधिक ८६७ मिळून ते १२००). खोक्यावर एएक्स १८०० किंवा एएक्स ३००० असेल तर २.४ वरही वायफाय ६ चालू असतं, आणि काही जुन्या चिपांना त्याच्या हाका नीट वाचता येत नाहीत. अशा वेळी नेटवर्क यादीतच दिसत नाही, किंवा जोडणी होऊन लगेच तुटते. २.४ चा मोड 'बी/जी/एन मिक्स्ड' करा. ५ वरचं वायफाय ६ तसंच राहू द्या, वेग तिथेच हवा असतो. राउटर वायफाय ७ चा असेल तर 'एमएलओ' (एकाच वेळी अनेक बँड वापरणं) हा पर्याय २.४ पुरता बंद ठेवा.

तिसरी चॅनल. 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ निवडा आणि चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. भारतात २.४ वर १ ते १३ चॅनल चालतात, त्यामुळे ऑटोवरचा राउटर कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो. अमेरिकेसाठी बनवलेल्या उपकरणाला ११ च्या पुढचं काही ऐकूच येत नाही. आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी परदेशात असतं आणि तिथून असे प्लग येतात, म्हणून ही गोष्ट गोव्यात जरा जास्तच जपायला हवी. आणि तसा प्लग असेल तर वायफायच्या आधी त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा: फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो लावायचाच नाही.

चौथी बारीकसारीक सेटिंगं: 'एअरटाइम फेअरनेस' आणि 'फास्ट रोमिंग' बंद. पहिल्यामुळे संथ उपकरणांच्या वाट्याला कमी वेळ येतो, दुसरं (एका राउटरवरून दुसऱ्यावर झटपट उडी) काही जुन्यांना झेपत नाही.

कॅमेऱ्याचं थोडं वेगळं असू शकतं. त्याला कधीकाळी कोणी कायमचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा उपकरणाचा क्रमांक) दिला असेल, समजा १९२.१६८.१.५०, आणि नवा राउटर १९२.१६८.०.१ वर असेल, तर पत्त्यातला तिसरा आकडा जुळत नसल्यानं वायफाय जुळूनही कॅमेरा पोचणार नाही. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ करा, सुटला प्रश्न. तसंच फायबरच्या डब्याचं वायफाय आणि वेगळ्या राउटरचं वायफाय, दोन्ही चालू असतील तर डब्याचं बंद करा. फोन एकावर आणि प्लग दुसऱ्यावर असला की ॲप तासन् तास शोधत बसतं.

आता वायफायच्या नावाबद्दल. घराचं नाव देवनागरीत दिलं असेल तर तीही अडचण होऊ शकते. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. 'मंगेशकृपा' २७ बाइटांत बसतं. 'श्रीमंगेशप्रसाद' ला ४५ लागतात, ते मावतच नाही. आणि मावलं तरी जुनी ॲपं देवनागरी नाव उपकरणाला धड पोचवतील याचा भरवसा नाही. २.४ साठी रोमन अक्षरं आणि आकडेच वापरा. ५ चं नाव हवं तर मराठीत ठेवा, ३२ बाइटांत बसवून.

जुनं नाव-पासवर्ड हाती लागलंच नाही, किंवा उपकरण रीसेट झालं असेल, तर मात्र नव्यानं जोडणी करावी लागते. इथे लोक सर्वात जास्त वेळ घालवतात, म्हणून आत काय चालतं ते सांगतो. ॲप जेव्हा 'दिवा भराभर लुकलुकतोय ना?' असं विचारतं, तेव्हा फोन हवेत ठरावीक लांबीची पाकिटं सोडत असतो. प्लगला त्या पाकिटांतला मजकूर वाचता येत नाही, कारण तो कुलूपबंद असतो. पण पाकिटाची लांबी लपत नाही, आणि त्या लांब्यांच्या ओळीतून तो नाव आणि पासवर्ड जुळवतो. फोन ५ वर असेल तर प्लगच्या कानावर त्यातलं थेट काहीच पडत नाही. राउटरनं पाकिटं २.४ वरही सोडली तर कधीतरी जमून जातं, म्हणूनच 'काल झालं, आज होत नाही' असा अनुभव येतो. आणि फोन २.४ वर असूनही फसतं, कारण नवा फोन दोन प्रवाहांत (एकाच वेळी दोन अँटेनांवरून) किंवा ४० मेगाहर्ट्झच्या रुंदीनं बोलतो. एका अँटेनाच्या जुन्या चिपला ती भाषा कळत नाही. २० ची रुंदी आणि बी/जी/एन मोड इथे पुन्हा कामी येतात ते याचमुळे.

तरीही अडलं तर हा मार्ग सोडा आणि 'एपी मोड' घ्या. प्लगचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं की दिवा भराभर, साधारण सेकंदाला दोनदा लुकलुकतो. पुन्हा तसंच दाबलं की तो हळू, म्हणजे तीन सेकंदांतून एकदा लुकलुकायला लागतो. (बऱ्याच उपकरणांत असं आहे, काहींत थोडं वेगळं.) आता प्लग स्वतःचंच छोटं वायफाय उघडतो. फोनच्या यादीत 'स्मार्टलाइफ' आणि पुढे काही अक्षरं असं नाव दिसेल, त्याला जोडा, ॲपमध्ये परत या आणि घरच्या २.४ चा पासवर्ड द्या. त्याआधी फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करा. प्लगच्या वायफायवर इंटरनेट नसतं, त्यामुळे फोन शहाणपणा करून परत मोबाइल डेटावर जातो आणि जोडणी ९९ टक्क्यांवर लटकते. अँड्रॉइडवर ॲपला लोकेशनची आणि आयफोनवर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी हवी. ती नाकारली असेल तर ॲपला उपकरणं दिसत नाहीत आणि कारणही कळत नाही.

इंटरनेटवाल्यांनी राउटरची सेटिंगं कुलूप लावून दिली असतील तर गेस्ट नेटवर्क बघा. बऱ्याच राउटरांत ते फक्त २.४ वर चालू करता येतं. त्याला जुनं नाव-पासवर्ड देऊन उपकरणं तिकडे वळवा. घरातल्या लॅपटॉपपासून जुनी उपकरणं वेगळी राहतात, हा वरचा फायदा. फक्त गेस्टवरचं उपकरण फोनला थेट दिसत नाही, इंटरनेटमार्गे चालतं. नेट गेलं की फोनवरून दिवाही लागत नाही.

भिंतींचं वेगळं सांगायला नको. चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फार लांब जात नाही, २.४ जातं. पण पावसात पाणी प्यालेली भिंत त्यालाही जड जाते. मे महिन्यात लागणारा पडवीतला कॅमेरा जुलैत तुटायला लागला तर सेटिंगं उकरू नका, राउटर हलवा. आणि जुना राउटर भंगारात देऊ नका. त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्या, त्याचं ५ असेल तर बंद करा, आणि केबल नव्या राउटरच्या 'लॅन' लिहिलेल्या खाचेतून जुन्याच्या 'लॅन'च्या खाचेत घाला, 'वॅन'च्या नको. जुनं नाव, जुना पासवर्ड, डब्ल्यूपीए-२ हे सगळं त्यात आहेच. हट्टी उपकरणं त्याच्यावर राहू देत, नवा राउटर तुमच्या फोनांना मोकळा. पडवीला लागून ठेवलात तर भिंतीचाही प्रश्न मिटतो.

पावसाळ्यातलंच आणखी एक. बरेच स्मार्ट बल्ब तीन किंवा पाच वेळा चालू-बंद केले की रीसेट होतात. वादळी संध्याकाळी लाईटनं लागोपाठ ये-जा केली की बल्बला वाटतं तुम्हीच बटण दाबताय, आणि तो सगळं विसरून लुकलुकत बसतो. राउटरचा दोष समजून लोक राउटर रीसेट करतात, मग उरलेलीही उपकरणं जातात. एकच बल्ब गेला असेल तर तोच पुन्हा जोडा. लाईट आल्यावर प्लग काही सेकंदांत जागे होतात, फायबरचा डबा आणि राउटर दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढ्यात काही जुनी उपकरणं थकून शोध सोडतात. दोन्हींसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलात तर ही कटकट बरीच कमी होते. घेताना ॲडॅप्टरवरचे ॲम्पिअर बघा, १ असतात, १.५ असतात, २ असतात, आणि यूपीएसनं दोन्ही डब्यांची बेरीज पेलायला हवी.

हे सगळं करायच्या आधी पाच मिनिटं काढून एक तपासा: उपकरणाचं ॲप अजून प्ले स्टोअरवर आहे का, आणि त्यात लॉगिन होतं का. बेल्किननं वेमोच्या बहुतेक उपकरणांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून बंद करण्याचं जाहीर केलं होतं, इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले होते. तुमच्या प्लगचं तसं झालं असेल तर राउटरमध्ये काहीही बदललं तरी तो ॲपमध्ये येणार नाही. त्याचं बटण तेवढं हातानं दाबता येईल.