'पिंग' हे लघुरूप आहे का? आणि 'पिंग होत नाही'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा दुहेरी आहे. 'पिंग' हे 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर'चं लघुरूप आहे का, आणि 'सर्व्हर पिंग होत नाही' हे मराठीत कसं सांगावं?

लघुरूप नाही. पिंग ही दुसऱ्या यंत्रापर्यंत जाळ्यावरून पोचता येतं का हे तपासणारी संगणकाची आज्ञा; ती माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. ते तेव्हा अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होते. पाण्याखाली ध्वनी सोडून तो कशावर आपटून परत येतो हे ऐकणारं सोनार जो आवाज करतं, त्यावरून त्यांनी हे नाव ठेवलं. विस्तारित रूप इंटरनेटवर काम करणारे डेव्ह मिल्स यांनी मागाहून जुळवलं. म्हणजे हा शब्द आपल्या टणटण, खणखण यांच्या जातीचा, नादावरून आलेला. तो बदलायची मला गरज वाटत नाही; 'पिंग करणे' हे क्रियापद मराठीत सहज चालतं.

मराठी शब्द हवा आहे तो पिंगच्या कामाला, आणि तिथे 'साद' व 'पडसाद' ही जोडी नेमकी बसते. जाळ्यावरची यंत्रं एकमेकांना सूचना देतात त्या आयसीएमपी या नियमावलीत पिंगचे दोन संदेश आहेत: एको रिक्वेस्ट (साद), प्रकार ८, आणि एको रिप्लाय (पडसाद), प्रकार ०. पाठवलेला मजकूर समोरचं यंत्र जसाच्या तसा परत करतं, स्वतःचं काही सांगत नाही. म्हणून भाषांतरांत इथे सर्रास येणारा 'प्रतिसाद' मला खटकतो. प्रतिसादात समोरच्याचं स्वतःचं काही असतं. ब्राउझरने पान मागितलं आणि सर्व्हरने ते दिलं, तो प्रतिसाद.

हा फरक रोजच्या कामात उपयोगी पडतो. यंत्र चालू आहे पण त्यावरचा वेब सर्व्हर बंद पडलाय, तर पडसाद येतो, प्रतिसाद येत नाही. उलट फायरवॉलने, म्हणजे जाळ्यावरची ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेने, आयसीएमपी अडवलं असेल तर पडसाद येणार नाही, पण संकेतस्थळ व्यवस्थित उघडेल. तेव्हा 'पिंग होत नाही'चा अर्थ 'पडसाद येत नाही' एवढाच घ्यावा. 'सर्व्हर बंद आहे' असं त्यावरून सांगू नये.

पडद्यावरच्या दोन सूचनाही वेगळ्या ठेवायला हव्यात. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे 'मुदतीत पडसाद आला नाही'. कारण कळलेलं नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे 'त्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही', आणि हे आपलंच यंत्र किंवा वाटेतला राउटर सांगत असतो. दोन्हींसाठी 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिलं की दोष शोधणाऱ्याच्या हातून धागाच निसटतो.

ऑनलाइन गेम खेळणारे 'पिंग २०० आहे' म्हणतात, तेव्हा साद गेल्यापासून पडसाद येईपर्यंतचे २०० मिलिसेकंद सांगत असतात, म्हणजे जाऊन-येऊन. नुसतं 'विलंब' लिहिलं तर वाचणारा एकाच बाजूचा वेळ समजू शकतो. राहिलं 'मला पिंग कर'. तिथे 'मेसेज टाक' पुरे.