ससाणा नव्हे, शिक्राही नव्हे

प्रश्न : हिवाळ्यात आमच्या परसातल्या शेवग्यावर राखी पाठीचा, शेपटीवर पट्टे असलेला पक्षी येतो. तो दिसला की बुलबुल कालवा करतात. शेजारी ससाणा म्हणतात, मला शिक्रा वाटतो. फोटो पाठवत आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा पावशा! पावसाच्या तोंडावर दिवसरात्र ‘पेरते व्हा’ ओरडून झोप उडवणारा तोच. हिवाळ्यात गप्प असतो म्हणून ओळखू येत नाही. आकाराने शिक्र्याएवढाच, पाठ तशीच राखी, आणि उडण्याची ढबही तीच : भरभर चार पंख मारायचे, मग तरंगायचं. बुलबुलसुद्धा त्याला शिक्र्यासारखा शिकारी पक्षी समजून फसतात, तिथे तुम्ही फसलात यात नवल नाही.

फोटो मोठा करून आधी चोच बघा. शिक्र्याची आखूड, बुडापासूनच आकड्यासारखी वळलेली असते. तुमच्या पक्ष्याची सडपातळ आहे, टोकाला जेमतेम झुकलेली. मग पाय. शिक्र्याचे लांब, पिवळे, उघडे. तीन बोटं पुढे, एक मागे. पावशाचे आखूड पाय बसल्यावर पिसांत झाकले जातात. दिसलेच तर दोन बोटं पुढे, दोन मागे. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध बारीक राखी रेघ असते, पण ती दिसायला पक्षी समोरूनच हवा. पुन्हा आला तर फांदीवर उतरताना बघा : पावशा शेपूट उचलून डावीउजवीकडे हलवतो.

छातीच्या रंगावर मात्र जाऊ नका. मोठ्या शिक्र्याच्या छातीवर तांबूस आडव्या रेघा असतात, पण पहिल्या वर्षातला शिक्रा तपकिरी असतो आणि त्याच्या छातीवर थेंबांसारखे उभे ठिपके असतात. पावशाचं पिल्लूही जवळपास तसंच! तिथे चोच आणि पाय, दुसरं काही नाही.

प्रश्न : रत्नागिरीच्या बंदरावर घारींमध्ये ब्राह्मणी घारीची पिल्लं कशी ओळखायची? सगळ्या तपकिरीच दिसतात.

उत्तर : शेपटीवरून. साध्या घारीच्या शेपटीला खाच असते, ब्राह्मणी घारीची शेपूट टोकाला गोल. गोम अशी, की घारीने शेपूट पूर्ण पसरली की खाच मिटते, आणि मधली-कडेची पिसं झडलेली असतील तर शेपटीचा आकारच बिघडतो. तेव्हा शेपूट मिटलेली असताना बघा, एका नजरेवर ठरवू नका.

प्रश्न : वाड्यात पट्ट्यापट्ट्यांचं पीस सापडलं. घुबडाचं की घारीचं?

उत्तर : पंखाचं मोठं पीस असेल तर त्याची अरुंद बाजू उजेडात धरा. गव्हाणी घुबडाच्या बाहेरच्या पिसाच्या त्या कडेला कंगव्यासारखे मऊ दाते असतात आणि वरचा भाग बोटाला मखमली लागतो. त्यामुळेच उडताना आवाज होत नाही. घारीच्या पिसाची कड सफाईदार असते. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पीस जागेवरच ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिसंही येतात.