विचारा की ताईंना : म्हाताऱ्यांचं कार्ड आणि सरकारांची भांडणं

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. गेल्या रविवारी आमच्यात व्हिडिओ कॉलवर जोरात वादावादी झाली. दीर टेक्सासला असतात, ते म्हणाले इकडं पासष्टच्या वरच्यांना सरकारचं मेडिकेअर आहे तरी माणसं ओरडतात, वॉशिंग्टनवाले राज्यांच्या डोक्यावर बसले म्हणून. सासरे ७४ चे, बायपास झालेली, ते म्हणाले असं कोण माझ्या डोक्यावर बसणार असेल तर मी पाट मांडून देतो. त्यावर आमचे हे भडकले, म्हणे दवाखाने हा राज्याचा विषय, दिल्लीनं त्यात नाक खुपसायचं काय कारण. जेवणं तशीच राहिली. तुम्हीच सांगा बरोबर कोण? – एक सून

उत्तर : अगं सूनबाई, सासऱ्यांच्या पाटावर मी पण बसते बघ, पण तुझे हे सुद्धा चुकीचे नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं, दवाखाने असं सरळ लिहिलंय, म्हणजे कागदावर दवाखाना राज्याचाच.

आता आधी दिरांच्या अमेरिकेचं बघू, कारण तिथली गोष्ट मजेशीर आहे. १९६१ ला हे मेडिकेअर नुसतं बोलण्यात होतं तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं रोनाल्ड रेगन, तेव्हा ते नट होते, त्यांच्या आवाजात एक रेकॉर्ड काढली, की ही योजना आली म्हणजे समाजवाद आला आणि तुमचं स्वातंत्र्य गेलं. डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती रेकॉर्ड लावायच्या आणि नंतर खासदारांना पत्रं लिहायला लावायच्या. आपल्याकडं हळदीकुंकवाला बोलावून वाणाबरोबर भाषण ऐकवल्यासारखंच की हे. तरी ३० जुलै १९६५ ला प्रेसिडेंट जॉन्सननी सही केली, पहिलं कार्ड म्हाताऱ्या माजी प्रेसिडेंट ट्रूमनना दिलं, कारण त्यांनी आपल्या काळात सरकारी आरोग्यविम्यासाठी डोकं आपटून बघितलं होतं आणि जमलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे लोकांची भीती घालवायला त्या कायद्यात अगदी पहिल्यालाच लिहून टाकलं की डॉक्टरनं इलाज कसा करायचा यात केंद्राचा कुठलाही अधिकारी ढवळाढवळ करणार नाही.

पण ढवळाढवळ झाली, आणि ती कशी झाली ते आपण सीमाभागातल्यांनी नीट बघायला पाहिजे. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा काळ्या माणसांसाठी वेगळे वॉर्ड, कुठं वेगळी दारं, कुठं प्रवेशच नाही. १९६६ ला मेडिकेअर सुरू व्हायच्या टायमाला वॉशिंग्टननं सांगितलं, आमचे पैसे पाहिजेत तर हे वेगळं बसवणं बंद करा, नाहीतर पैसे नाहीत. काही महिन्यांत हजारावर हॉस्पिटलांनी वॉर्ड एक केले. तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी याला राज्याच्या हक्कावरचं आक्रमण म्हटलं. आणि जी काळी म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दारानं आत गेली, तिला ते आक्रमण वाटलं असेल काय? मला नाही वाटत.

म्हणून "केंद्रानं हद्द ओलांडली" असं कोण म्हणालं की मी आधी बघते, म्हणणारा दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे.

आणि लोकांचं पण काय, एकदा मिळालेलं कोणाला सोडवत नाही. २००९ ला ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्याचा वाद पेटलेला, तेव्हा साऊथ कॅरोलायनात एका सभेत एक गृहस्थ खासदाराला म्हणाले की सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही! अहो ते सरकारचंच आहे की. त्याच्या आधी १९८९ ला तर शिकागोत म्हाताऱ्यांनी रोस्टेनकोव्स्की नावाच्या मोठ्या खासदाराची गाडीच अडवली, कारण मेडिकेअर वाढवलं पण त्याचा जादा कर बऱ्या परिस्थितीतल्या म्हाताऱ्यांनाच भरायला लावला. तो कायदा त्याच वर्षी गुंडाळावा लागला. त्या वाढीव कायद्यावर सही होती तोवर प्रेसिडेंट झालेल्या रेगनचीच, रेकॉर्डवाल्या!

आता तुमच्या घरातल्या भांडणाचं खरं मूळ, ते कोणी बोललंच नसणार. मेडिकेअर ही एकाच पाकिटातली योजना आहे, पगारातून २.९ टक्के कापतात (निम्मे कामगाराचे निम्मे मालकाचे), ते वॉशिंग्टनला जातात, त्यातून हॉस्पिटलचा भाग चालतो, म्हणून ओहायोची म्हातारी टेक्सासला लेकाकडं राहायला गेली तरी तिचं मूळ कार्ड तेच. गरिबांसाठीची त्यांची जी मेडिकेड आहे ती मात्र दोन पाकिटांची, थोडं केंद्र थोडं राज्य, आणि कोर्टकचेऱ्या तिथंच. २०१२ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टात नऊपैकी सात न्यायमूर्तींनी सांगितलं की नवीन योजना घेतली नाही तर जुने पण पैसे बंद करू असं केंद्रानं राज्याला धमकवायचं नाही.

आपली आयुष्मान भारत बघितलीस तर बांधणी मेडिकेडसारखी आहे, कर्नाटक महाराष्ट्रासाठी केंद्र ६० राज्य ४०. आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला त्याच दोन पाकिटांवर ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांसाठी वय वंदना कार्ड आणलं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणजे नाव मेडिकेअरसारखं सगळ्यांचं, पण पैसे मेडिकेडसारखे वाटून. मग भांडण होणारच की! त्याच दिवशी पंतप्रधानांनी दिल्ली आणि पश्चिम बंगालच्या म्हाताऱ्यांची माफी मागितली, की तिथली सरकारं योजनेत नाहीत म्हणून तुमची सेवा करता येत नाही. माफी कसली, तो टोमणाच होता. इकडं कर्नाटकाची तक्रार वेगळी, केंद्र मोजक्या कुटुंबांचेच पैसे देतं, बाकीच्यांचा बोजा आमच्यावर आणि योजनेला नाव मात्र दिल्लीचं. दोघांचं ऐकून घेतलं की दोघं खरे वाटतात, आणि म्हातारा काउंटरवर उभाच.

आपलं तर तिसरंच. २०२३ ला महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, आपण खूष, आणि बोम्मई तेव्हा कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते त्यांनी कडक विरोध केला. तेव्हा आपल्यातल्या एकानं तरी म्हटलं का की एका राज्यानं दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये? नाही म्हटलं. मी पण नाही म्हटलं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, तोवर निदान ऑपरेशन तरी होऊ दे असंच वाटलं. पण मग तुझ्या ह्यांना सांग, दिल्लीनं नाक खुपसलं की राज्याचा हक्क आठवायचा आणि मुंबईनं खुपसलं की टाळ्या वाजवायच्या, हे काही मला पटत नाही, आणि माझं मलाच पटत नाही म्हणून सांगते.

माझ्या आईला मागं एका दवाखान्यात नेलेलं, काउंटरवरच्या पोरानं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं "याव राज्यद्दु?" कुठल्या राज्याचं. आई म्हणाली, बाळा, दुखतंय ते गुडघ्यात रे. पोरगं हसलं, पण काम काय झालं नाही. म्हणून सांगते, अॅडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा, आपला आजार आणि ते हॉस्पिटल यादीत आहे का विचारा, आणि साधं ऑपरेशन असेल तर आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल लेटर घ्या. इमर्जन्सी असेल तर लेटरसाठी थांबू नका. कर्नाटकाच्या योजनेत बीपीएलवाल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या रकमेच्या ३० टक्के आणि तेही दीड लाखापर्यंतच, हे सासऱ्यांना समजावून सांग, नाहीतर बिल हातात आल्यावर परत बायपास.

प्रश्न : माझी आई शहापुरात एकटी आहे, वय ६९. भाऊ तिला न्यू जर्सीला नेतोय सहा महिन्यांसाठी. तिथं तिला मेडिकेअर मिळेल काय? भाऊ म्हणतो होईल काहीतरी.

उत्तर : होईल काहीतरी म्हणणाऱ्या भावांमुळंच हा कॉलम चालतो. नाही मिळणार. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांना मेडिकेअर नाही, इथून निघायच्या आधी व्हिजिटर इन्शुरन्स काढा आणि बीपी-शुगरसारख्या जुन्या आजाराला तो काय देतो ते वाचा, बरेचसे देत नाहीत. उद्या ग्रीन कार्ड झालं तरी सलग पाच वर्षं तिथं राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं. फुकटात हॉस्पिटलचा भाग मिळायला दहा वर्षं तिथं काम करून कर भरलेला लागतो, स्वतः नाहीतर नवऱ्यानं. गोळ्या सहा महिन्यांच्या इथूनच न्या, प्रिस्क्रिप्शनसकट.

प्रश्न : निपाणीहून विचारतोय. वडिलांचं वय ७१, मिलिटरीतून रिटायर, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे. वय वंदना पण काढू काय? आणि त्यात महिन्याच्या गोळ्या बसतात काय?

उत्तर : दोन्ही नाही चालत, ईसीएचएस नाहीतर वय वंदना, एक निवडायचं. ज्यांचा खाजगी इन्शुरन्स आहे त्यांना मात्र दोन्ही ठेवता येतात. आणि रोजच्या गोळ्या, ओपीडी हे वय वंदनात नाही, अॅडमिट झालं तरच. वडिलांना गोळ्या ईसीएचएसमधून मिळतात ना? मग ते सोडू नका बघा.