ब्लेकच्या वाघावरचा तुझा निबंध वाचून

प्रिय दोस्ता,

निबंध वाचला. भाषा छान आहे, पण पहिल्याच पॅराग्राफमध्ये 'वाघ म्हणजे दुष्टपणा, कोकरू म्हणजे निरागसपणा' असं लिहून मोकळं झाल्यावर पुढे उरतं काय सांग बरं? गाइडमधलं वाक्य आहे ते, आधी काढ. इंग्रज कवी विल्यम ब्लेकची 'द टायगर' ही कविता 24 ओळींची, सगळी प्रश्न विचारण्यात जाते आणि उत्तर एकाचंही नाही. उलट त्याच्या 1789 च्या संग्रहातली कोकराची कविता बघ, तुला कोणी बनवलं असं विचारून लगेच उत्तरही देऊन टाकतो तो. वाघाची 1794 ची, आणि तिथे ते कोकरू मधेच एका प्रश्नात येतं, ज्याने त्याला केलं त्यानेच तुलाही केलं का? दोन्ही शेजारी ठेवून वाच.

आता घडवणाऱ्याकडे ये, मला विचारशील तर खरी मजा तिथेच आहे. हातोडा, साखळी, भट्टी, ऐरण, म्हणजे सरळसरळ लोहारच की! खांदा दिसतो, हात दिसतो, चेहरा कुठेच नाही. तिसऱ्या कडव्यात वाघाचं काळीज धडधडायला लागतं आणि लगेच 'व्हॉट ड्रेड हँड? अँड व्हॉट ड्रेड फीट?' (कसला भयंकर हात, कसले भयंकर पाय?), क्रियापदच नाही. ब्लेकच्या वहीत कच्चा खर्डा आहे, त्यात हे वाक्य पुढच्या कडव्यात जाऊन पूर्ण व्हायचं, पण ते कडवं त्याने काढून टाकलं आणि वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं, त्यामुळे हे पाय वाघाचे की घडवणाऱ्याचे तेच कळत नाही. यावर पानभर लिही, दोन ओळीत गुंडाळू नकोस. कवितेत तारे भाले टाकतात ती ओळ कवी मिल्टनच्या महाकाव्यातल्या बंडखोर देवदूतांशी जोडतात लोक, तूही जोड, पण एका वाक्यात.

आणि ब्लेक स्वतः कारागीर होता हे विसरू नकोस. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं लिहायची, बाकीचा भाग ॲसिडला खाऊ द्यायचा, मग छापून हाताने रंगवायचं, बायको कॅथरीनही मदतीला असायची. या कवितेच्या पानावर त्याने काढलेला वाघ नेटवर शोध, इतका गरीब दिसतो की खेळण्यातलाच वाटावा. काहीजण म्हणतात ब्लेकला वाघ जमलाच नाही, मला तो मुद्दाम केलेला वाटतो, तुला पटत नसेल तर तसं लिही, फक्त कवितेतल्या ओळी दाखवून.

शेवटचं कडवं 'पहिल्याचीच पुनरावृत्ती' म्हटलंयस, ते चूक आहे. 'कुड'च्या जागी 'डेअर' आलंय, आधी कोणाला जमेल असा प्रश्न होता, आता कोणाची हिंमत. तो 'डेअर' दुसऱ्या कडव्यापासून डोकावतोय, पेन्सिलने गोल करत जा. नीट करून रविवारपर्यंत पाठव, आणि हो, टायगरमध्ये ब्लेकने वाय लिहिलाय, तुझ्या ऑटोकरेक्टने सगळीकडे आय करून ठेवलाय, तेवढं बघ.