उंची आहे, आता पाय कमाव

उंच आहेस म्हणून बास्केटबॉलच्या कोचने तुला सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या जागेवर, उभं केलं, ठीकच आहे. पण उंचीवर फार दिवस निभत नाही. हकीम ओलाजुवॉनच्या जुन्या मॅचेस काढ आणि बॉल सोडून त्याच्या पायांकडे बघ. लागोसचा हा पोरगा आधी फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिराच वळला. तरी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९८४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिला घेतला. मायकेल जॉर्डन तिसरा होता! हकीमची चाल बघ: बास्केटकडे पाठ, एका खांद्याने हूल, पिव्हट (एक पाय रोवून गिरकी), लगेच उलटी हूल, आणि समोरचा अजून हवेतच. १९९५ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये डेव्हिड रॉबिन्सनसारखा माणूस, त्या मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), असाच चकत राहिला.

हकीमच्या नावावर ३,८३० ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आहेत, एनबीएचा विक्रम. तू मात्र सध्या ब्लॉकच्या नादी लागू नकोस. दर शॉटला उडालास तर आपल्याकडे पाच फाउलांत बाकावर येशील. आधी बॉक्स आउट शीक, म्हणजे समोरच्याला पाठीने अडवून बास्केटखालची जागा धरणं. कंटाळवाणं काम आहे, टाळ्या पडत नाहीत, पण रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे परत आलेले बॉल, त्यातूनच मिळतात.

शरीराचं विसरू नकोस. चीनचा सेंटर याओ मिंग २००२ च्या ड्राफ्टचा पहिला पिक; पाय आणि घोट्याच्या दुखापतींनी २०११ मध्ये, तिशीतच त्याला थांबवलं. त्यामुळे सिमेंटच्या कोर्टवर रोज तासन्‌तास उड्या मारू नकोस. घोट्याचे व्यायाम कर, चांगले बूट घे. आणि हुक शॉट (बाजूने उभं राहून एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट) डाव्या हातानेही घोटव, उद्यापासूनच.