घोडीचा थकवा : जडीबुटीआधी मीठ बघा

दादा, अकलूजच्या बाजारातून आणलेली तुमची घोडी रपेटीनंतर दोन दिवस मरगळते आणि कोणी लसूण, कोणी हळद, कोणी अश्वगंधा द्या म्हणतंय. त्यातलं काहीही सुरू करण्याआधी सांगा, तिला मीठ किती देता?

आपल्या सोलापूरचं ऊन उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जातं. घोड्याचा घाम जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो. लिटरमागे साधारण १० ग्रॅम क्षार जातात, आणि अशा उन्हात जोरात पळवलं तर तासाला १० लिटरपर्यंत घाम निघू शकतो. पाण्याबरोबर क्षारही तेवढेच गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही, मग तहानच लागत नाही. घामाने निथळलेली घोडी बादलीला तोंड लावत नाही ती यामुळे, आणि आपण समजतो तिला पाणी नको. कडब्यात आणि हरभऱ्यात सोडियम नावालाच असतं. साधं खायचं मीठ रोज २५-३० ग्रॅम, घाम गाळला त्या दिवशी दुप्पट, भिजवलेल्या चंदीत (दाण्याच्या खुराकात) कालवून द्या. शेजारी साधं पाणी कायम हवं. मिठाला नाक मुरडलं तर चिमूटभर मेथीपूड घाला, घोड्यांना तो वास आवडतो.

दुसरं म्हणजे, स्नायूंमधला साखरेचा साठा भरायला घोड्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे जोराची रपेट रोज नकोच. कुठल्याही मुळीने हा वेळ वाचत नाही.

आता जडीबुटी. लसूण रोज अजिबात नको. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या २००५ च्या प्रयोगात भरपूर लसूण खाल्लेल्या घोड्यांच्या तांबड्या पेशी नासून त्यांना पंडुरोग झाला, म्हणजे अंगातलं रक्त कमी झालं. आधीच दमणाऱ्या जनावराला हे कशाला? हळद थोडी दिली तर बिघडत नाही, पण ती रक्तात फार कमी उतरते. आल्याच्या अर्काने पळाल्यानंतरची धाप लवकर ओसरल्याचं अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात दिसलं, पण ते मोजक्या घोड्यांवर. जठरात व्रण असतील तर आलं टाळा. अश्वगंधेने घोडा जास्त पळतो याचा भरवशाचा पुरावा मला दिसलेला नाही, त्यावर पैसे घालू नका.

डॉक्टरांनी फेनिलब्युटाझोन (दुखणं-सूज कमी करणारं औषध) दिलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सोबत काहीच देऊ नका. पाणी कमी पडलेल्या घोडीच्या मूत्रपिंडावर ते औषध एकटंच भारी पडतं.

आणि रपेटीनंतर मागचे पाय ताठले, पुठ्ठे दगडासारखे झाले, लघवी काळपट-तांबडी आली, तर हा थकवा नव्हे. तिला एक पाऊलही चालवू नका, सावलीत जागेवरच उभी ठेवा आणि तडक डॉक्टरांना बोलवा.