रिपोर्ट फाडू नका दादा, आणि पुढच्या महिन्याची सही एवढ्यात करू नका

दादा, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि मग झोपच लागली नाही. सव्वा वर्षाची पोरगी, दोन्ही जांघेत गाठी, हर्निया म्हणून टेबलवर घेतलं तर आत अंडकोष निघाले, हर्निया शिवून ते तसेच आत ठेवले, मग क्रोमोसोमच्या तपासणीत ४६ एक्सवाय, म्हणजे एरवी मुलग्यांचे असतात ते क्रोमोसोम, आलं, आता डॉक्टर म्हणतात पुढच्या महिन्यात आणा, दोन्ही काढून टाकू, कोणाला काही सांगू नका. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की रिपोर्ट फाडून टाकावासा वाटतो, घरात कोणाच्या हाती लागायला नको. त्या शेवटच्या ओळीसाठी मी लिहायला बसले. माझंही हेच झालेलं आहे. आज मी छत्तीस वर्षांची आहे.

आधी सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. खाली लिहिलंय ते माझ्या अंगावरून गेलेलं आणि नंतर चांगल्या डॉक्टरांना विचारून विचारून समजलेलं. तुमच्या पोरीचं निदान माझ्यासारखंच असेल असं धरून चालू नका, तो मुद्दा पुढे येतोच.

एक्सवाय असून मुलगी कशी, हे तुम्हाला समजावलं असेलच, त्यात जात नाही. माझं १९९८ साली झालं, मी नऊ वर्षांची होते. मला सांगितलं आंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी. आईबाबांना सांगितलं की मुलीच्या पोटात नको ते आहे, राहिलं तर कॅन्सर होईल, काढू आणि विषय संपवू. बाबांनी सही केली, कागद इंग्रजीत होता. त्यांच्यावर माझा राग नाही, कास्तकार माणूस, डॉक्टर म्हणजे देव. पण काढल्यानंतर हिला आयुष्यभर हार्मोनच्या गोळ्या लागतील हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. टाके काढले, डिस्चार्ज कार्ड दिलं, झालं.

आता नीट ऐका. माझा प्रकार आहे अँड्रोजेन इनसेन्सिटिव्हिटी, पूर्ण प्रकारातला. यात अंडकोष टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन बनवतात पण शरीर ते ओळखतच नाही, आणि त्याच टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, होतं. म्हणजे ते आत राहिले असते तर वयात येताना माझं अंग आपोआप मुलीसारखं भरलं असतं. मला बाई म्हणून वाढवणारी वस्तूच काढून टाकली आणि बदल्यात काही दिलं नाही. वर्गातल्या सगळ्या पोरी वयात आल्या, मी काडीसारखी उंच होत गेले. पाळी नाही, छाती नाही. आई म्हणायची, येईल वं बाई, कोणाकोणाले उशिरा येते. आणि रात्री पदर तोंडात घेऊन रडायची, ते मला ऐकू यायचं.

कॅन्सरचं भय तुम्हालाही दाखवलं असणार. या पूर्ण प्रकारात वयात येण्याआधी गाठ होण्याचा धोका खूप कमी असतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ते अंडकोष वयात येईपर्यंत ठेवतात, मधूनमधून सोनोग्राफी करतात, आणि काढायचे की ठेवायचे हे पोरगी मोठी झाल्यावर तिच्याशी बोलून ठरवतात. पण इथेच सांभाळा, सगळे प्रकार सारखे नसतात. एक्सवाय असून आत गर्भाशय असेल आणि ग्रंथी नीट वाढलेल्याच नसतील, तर तिथे कॅन्सरचा धोका खरंच जास्त असतो आणि त्या लवकर काढायला सांगतात. माझ्याच आजाराच्या अर्धवट प्रकारात, म्हणजे शरीर टेस्टोस्टेरॉन थोडंफार ओळखतं तिथेही, धोका पूर्ण प्रकारापेक्षा जास्त धरतात. आणखी एक प्रकार असा की लहानपणी मुलगी दिसते आणि वयात येताना आवाज फुटतो, अंग मुलासारखं होतं, त्यातली काही मुलं पुढे स्वतःला मुलगा म्हणवतात. त्यांचं आधीच काढून टाकलं तर कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून नुसत्या एक्सवाय या दोन अक्षरांवर टेबलवर घेऊ देऊ नका. सोनोग्राफीत गर्भाशय आहे का, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन रक्तात किती, जीनची तपासणी काय म्हणते, हे आधी. त्या ऑपरेशनमध्ये तुकडा काढून बायोप्सीला पाठवला असेल तर तो रिपोर्ट पण. आणि हे बघायला सर्जन एकटा पुरत नाही, एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचे डॉक्टर पाहिजेत, आपल्या विदर्भात त्यासाठी बहुतेकांना नागपूरच गाठावं लागतं. जा.

आता माझी चूक.

२००८ साली बारावीनंतर जात पडताळणीला बाबांच्या शाळेचा दाखला पाहिजे होता, म्हणून मी आईची लोखंडी पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली, डांबराच्या गोळीचा वास लागलेला एक खाकी लिफाफा होता, त्यावर माझं नाव. आत पिवळा पडलेला टाइप केलेला रिपोर्ट. मी सायन्सची, टेस्टिस म्हणजे अंडकोष हे मला कळत होतं, आणि तो शब्द दोनदा होता, एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा, वजन ग्रॅममध्ये. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी कागद तिच्यापुढे धरला तर तिने वर पाहिलंच नाही, पिठाचे हात तसेच परातीत राहिले. म्हणाली, डॉक्टरनं सांगितलं होतं कोणाले सांगायचं नाही, पोरगी जीव देईन. मला इतका राग आला, इतकी लाज वाटली, की मी तो लिफाफा तसाच चुलीत घातला. पऱ्हाटीचा जाळ होता, एका क्षणात गेला. आई ओरडली नाही. मला वाटलं, संपलं.

सहा वर्षांनी गोठ्यात पाय घसरला आणि मी हातावर पडले, साधंच पडणं, पण मनगट मोडलं. पंचविसाव्या वर्षी. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला शंका आली, त्याने डेक्सा करायला लावलं, म्हणजे हाडांची घनता मोजतात ते. हाडं साठीतल्या बाईची निघाली. पंधरा-सोळा वर्षं शरीरात इस्ट्रोजेन नाही, दुसरं काय होणार. मग नागपूरला ज्या मॅडमकडे गेले, त्यांचा पहिला प्रश्न, ऑपरेशनचे कागद? काय काढलं, दोन्ही काढलं का, आत काही राहिलं का, बायोप्सीत काय आलं? माझ्याकडे काहीच नाही. मी जाळलेला कागद हाच एक पुरावा होता.

मग तो दवाखाना. नाव लिहीत नाही, कोणत्या शहरातला तेही नाही. रेकॉर्डच्या खिडकीवर पाच चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब मिटिंगला. दुसऱ्यांदा अर्ज इंग्रजीत आणा. तिसऱ्यांदा वडिलांना आणा, सही त्यांची आहे, तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चौथ्यांदा खिडकीतल्या माणसाने माझा अर्ज मोठ्याने वाचला, मागे पंधरावीस लोकांची लाइन, आणि विचारलं, म्हणजे पेशंट नेमका कोण, तुम्ही का तुमचा भाऊ? मी म्हटलं मीच. त्याने मला खालून वर पाहिलं आणि शेजारच्याला बोलावलं, तोही आला बघायला. मी एसटी स्टँडवर येऊन दोन तास बसले होते, गाडी समोरून गेली तरी उठता येईना. पाचव्यांदा सांगितलं, एवढं जुनं आम्ही ठेवत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं की नाही? चौदा महिने गेले माझे, प्रत्येक चकरेला दिवसाची मजुरी आणि तिकीट वेगळं. शेवटी सगळ्या तपासण्या नव्याने केल्या, एमआरआय सुद्धा, आणि गोळ्या सुरू व्हायला आणखी उशीर झाला.

त्याच्यानंतर मला नियम कळला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. म्हणजे तुमचं घड्याळ चालू आहे दादा. तुमच्या पोरीचे कागद आज मिळतात, ती वयात येईल तेव्हा मिळणार नाहीत. सोमवारी जा, दोन प्रतींत अर्ज न्या, एक द्या, दुसऱ्यावर तारखेची पोच आणि शिक्का घ्या. तोंडी मागू नका, तोंडी मागितलं की उद्या या. काय मागायचं ते नीट लिहा, म्हणजे ऑपरेशन नोट, तुम्ही सही केलेलं संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे सगळे रिपोर्ट, बायोप्सी. सरकारी दवाखाना असेल आणि टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही पैसे लागत नाहीत. मिळालं की तीन झेरॉक्स काढा (गावातल्या ओळखीच्या दुकानात नको, तालुक्याला काढा, मीच दुकानवाली असून सांगते, लोक वाचतात), आणि मोबाइलमध्ये फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा. मूळ प्रत पेटीत. तो कागद तुमचा नाही, तुमच्या पोरीचा आहे.

सहीबद्दल माझं मत कडक आहे, कोणाला पटणार नाही तर नको पटू दे. जीवाला धोका असेल, लघवी अडत असेल, खरा हर्निया अडकला असेल, तर ऑपरेशन करा, थांबू नका. बाकी सगळं थांबू शकतं. कोणी योनीमार्ग आत्ताच मोठा करून देतो म्हटलं तर हात जोडा आणि बाहेर या, ते तिने मोठी झाल्यावर, तिला पाहिजे असेल तरच. आपण आईबाप म्हणून सही करतो पण ती आपल्या अंगाची सही नसते. २०१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने हेच म्हटलं, की पालकांची संमती ही मुलाची संमती होत नाही, आणि आंतरलिंगी, म्हणजे तुमच्या पोरीसारख्या, माझ्यासारख्या बाळांवर अशी ऑपरेशनं बंद करा असं तिथल्या सरकारला सांगितलं, मग त्याच वर्षी तामिळनाडूने तसा आदेश काढला, जीवाला धोका असेल तेवढं सोडून. तो आदेश तामिळनाडूपुरता आहे, आपल्याकडच्या डॉक्टरला तो दाखवून काही होणार नाही, पण तुमच्या मनाला आधार म्हणून सांगते, थांबा म्हणणारे तुम्ही वेडे नाही. माल्टा नावाच्या छोट्या देशाने तर २०१५ सालीच कायदा केला.

जन्मदाखल्यावर मुलगी ही नोंद बदलायची का, असं विचारलंत. काही बदलू नका. ग्रामसेवकाला क्रोमोसोमशी काही घेणंदेणं नाही, नोंद मुलगी आहे, मुलगीच राहू द्या. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात आंतरलिंगी व्यक्तीची व्याख्या दिली खरी, पण म्हणून बाळाचे कागद आत्ता हलवायची घाई कशाला. मी स्वतः बाई आहे, माझ्या मनात त्याबद्दल कधी शंका नव्हती, पण ते मी सांगायचं, तुमच्या पोरीचं तुमची पोरगी सांगेल.

वहिनींना एक नक्की सांगा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आई त्यांना बोलतात. माझ्या आजाराच्या पूर्ण-अर्धवट दोन्ही प्रकारांत जीनमधला बदल एक्स क्रोमोसोमवर असतो, बऱ्याचदा आईकडून येतो आणि काही वेळा नव्यानेच होतो, यात कोणी काही खाल्लं-प्यालं, ग्रहणात बाहेर गेली असं काही नाही. आमच्या धाकट्या मावशीला पाळी आली नाही म्हणून सासरच्यांनी वर्षात परत आणून सोडलं, वांझ म्हणून ती मेली. माझा जीनचा रिपोर्ट आला तेव्हा मला पहिली ती आठवली. वहिनींना बहिणी असतील तर त्यांनाही माहीत असू द्या, पण हे फोनवर नको, समोर बसून, आणि जीनचा रिपोर्ट आल्यावर.

दवाखान्यात शिकणारी मुलं घोळका करून बघायला आली तर नाही म्हणता येतं. मला नऊ वर्षांची असताना चादर काढून आठ जणांनी पाहिलं होतं, मोबाइल नव्हते म्हणून वाचले. आता फोटो काढू देऊ नका, चेहरा येणार नाही म्हटलं तरी. वहिनींना सोबत न्या, २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि बाई सोबत असली की वॉर्डातल्या सिस्टर जरा बऱ्या वागतात.

कोणाला सांगू नका या सल्ल्याचं काय करायचं, तर गावाला सांगू नका, बरोबर आहे. पोरीला मात्र सांगायचं, तिच्या वयाच्या भाषेत, थोडं थोडं. पाच-सहा वर्षांची झाली की एवढंच, की तुझं पोट आतून थोडं वेगळं आहे, म्हणून आपण नागपूरला डॉक्टरकडे जातो. पेटी उघडून कळायला नको.

माझं आता बरं आहे, दहा वर्षं झाली गोळ्या चालू आहेत, हाडं थोडी सुधारली, पूर्ण नाही. आई अजून पाठीशी असते, गोळी घेतली का म्हणून रोज रात्री विचारते.

अर्जाचा मराठी नमुना मी टाइप करून ठेवलाय, मेसेजमध्ये पाठवते, फक्त नाव, भरती तारीख आणि केसपेपर नंबर भरा. भरती तारीख डिस्चार्ज कार्डवर उजवीकडे वर असते बहुतेक. आणि पुढच्या महिन्याची जी तारीख दिली आहे ती रद्द करायला फोन करू नका, स्वतः जाऊन सांगा की आम्ही आधी हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवतो, मगच ठरवू. रागावले तर रागावू द्या. सोमवारी पोच मिळाली की इथे कळवा, मी वाट बघते.